घरच्या घरी लाकडी कर्णा: घशापासून तोंडापर्यंत

साध्या स्पीकरला दिलेल्या विजेचा जेमतेम एक टक्का आवाजात उतरतो. बाकीची व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, उष्णता होऊन जाते. कारण सोपं आहे. पडदा हवेला ढकलतो, पण समोरची मोकळी हवा इतकी हलकी असते की पडद्याला जोर लावायला काही सापडतच नाही. कर्णा पडद्यासमोर हवेचा एक लहान, बंदिस्त स्तंभ उभा करतो आणि तो हळूहळू रुंदावत बाहेरच्या हवेशी जोडतो. पडद्याला पकड मिळते, त्याला कमी हलावं लागतं, आणि तेवढ्याच विजेत कितीतरी पट आवाज निघतो.

इथे जो कर्णा करायचा आहे तो मधल्या आणि वरच्या स्वरांचा आहे. एक इंची कंप्रेशन ड्रायव्हर (कर्ण्यासाठीच बनवलेला, एक इंची तोंडाचा लहान स्पीकर), त्यापुढे प्लायच्या चकत्या एकावर एक चिकटवून घडवलेला गोल कर्णा, आणि खालच्या स्वरांसाठी पेटीतला दहा किंवा बारा इंची वूफर. पहिल्याच प्रयत्नात खर्जाचा कर्णा करू नका. ४० हर्ट्झची लहर ८.६ मीटर लांब असते. तिच्यासाठी कर्ण्याच्या तोंडाचा घेरही तेवढाच लागतो, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ ५.९ चौरस मीटर होतं. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्शने १९४६ साली बाजारात आणलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवला तो याचसाठी: दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा पुढचा भाग होतात, आणि तोंड आठव्या हिश्श्यावर भागतं. तरीही ते कपाटाएवढं काम आहे.

आधी आकडे

आपला कर्णा घातांकी आहे, म्हणजे समान अंतर पुढे गेलं की छेदाचं क्षेत्रफळ समान पटीने वाढतं. वाढीचा दर एका आकड्यावर ठरतो, तो म्हणजे सीमा-वारंवारता. तिच्याखाली कर्णा पडद्याला भार देणं सोडतो. इथे ती ५०० हर्ट्झ धरली आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर क्षेत्रफळाचा वाढ-गुणांक ४ × ३.१४१६ × ५०० ÷ ३४४, म्हणजे दर मीटरला १८.२७ येतो. व्यास त्याच्या निम्म्या दराने वाढतो. १८ मिलिमीटरच्या प्रत्येक थरामागे व्यास १.१७९ पट होतो. ५०० हर्ट्झची लहर ६८८ मिलिमीटरची, तेवढाच तोंडाचा घेर हवा, म्हणून तोंडाचा व्यास साधारण २१९ मिलिमीटर यायला हवा. तेरा थरांत आपण २१५ ला पोचतो, ते पुरेसं जवळ आहे. शिवाय पुढे ओठ, म्हणजे तोंडाभोवती गोलाईची कडी, बसवायचा आहेच.

प्रत्येक थराला दोन व्यास आहेत, मागचा म्हणजे ड्रायव्हरकडचा आणि पुढचा म्हणजे तोंडाकडचा. मिलिमीटरमध्ये:

थर १: मागे २५.४, पुढे २९.९
थर २: मागे २९.९, पुढे ३५.३
थर ३: मागे ३५.३, पुढे ४१.६
थर ४: मागे ४१.६, पुढे ४९.०
थर ५: मागे ४९.०, पुढे ५७.८
थर ६: मागे ५७.८, पुढे ६८.१
थर ७: मागे ६८.१, पुढे ८०.३
थर ८: मागे ८०.३, पुढे ९४.६
थर ९: मागे ९४.६, पुढे १११.५
थर १०: मागे १११.५, पुढे १३१.५
थर ११: मागे १३१.५, पुढे १५४.९
थर १२: मागे १५४.९, पुढे १८२.६
थर १३: मागे १८२.६, पुढे २१५.३

प्लाय विकत घेताना १८ लिहिलेला तक्ता प्रत्यक्षात १७ किंवा साडेसतरा भरतो, हे नेहमीचं आहे. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. खरोखर १७ असेल तर पट १.१६८ घ्या, २५.४ पासून पुन्हा गुणत चला आणि चौदा थर करा. हे न करता वरचे आकडे तसेच वापरले तर कर्णा आखूड होतो आणि ठरवल्यापेक्षा लवकर रुंदावतो, म्हणजे त्याची सीमा वर सरकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवखा माणूस सगळी मेहनत तोंडावर घालतो, कारण तेच दिसतं. पण घशाजवळ, म्हणजे ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकाशी, त्रिज्येत एक मिलिमीटरची चूक झाली तर छेदाचं क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी बदलतं. तीच चूक तोंडाशी झाली तर दोन टक्केही फरक पडत नाही. घशातली पायरी, गोंदाचा थेंब किंवा आत डोकावणारं गॅस्केट (ड्रायव्हर आणि लाकूड यांमधली मऊ चकती) यांवरून ध्वनी परत फिरतो, आणि हा दोष नंतर कुठल्याही इक्वलायझरने जात नाही. म्हणून पहिल्या चार थरांना बाकीच्या नऊ थरांइतका वेळ द्या.

सामान

दोन कर्ण्यांसाठी १८ मिलिमीटरचा अर्धा तक्ता, म्हणजे १२२० × १२२० मिलिमीटर, पुरतो. त्यातून २९० मिलिमीटरचे बारा चौकोन निघतात. त्यांतले दहा मोठ्या चकत्यांना लागतात. उरलेल्या पट्टीतून १६० मिलिमीटरचे चौदा चौकोन निघतात. लहान चकत्यांना सोळा लागतात, म्हणून बाकीचे दोन राहिलेल्या दोन मोठ्या चौकोनांतून घ्या. ओठासाठी १२ मिलिमीटर प्लायचे २९० चे दोन चौकोन वेगळे घ्या. बर्च किंवा मरीन प्लाय उत्तम, कारण आतले पदर सलग असतात. हलक्या प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, आणि नेमक्या घासताना त्या उघड्या पडतात. एमडीएफ चालतं, पण त्याची धूळ फार बारीक असते आणि कडा वार्निश पीत राहतात. सलग लाकूड टाळा: ते हवामानाप्रमाणे एका दिशेने फुगतं-आकसतं आणि गोल भोक अंडाकृती होतं.

याशिवाय लाकडाचा पांढरा गोंद, सहा ते आठ क्लॅम्प, ८ मिलिमीटरचा लाकडी गोल दांडा, एम-६ चे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे, थाळी असलेले नट) आणि बोल्ट, ६० ते २४० नंबरचे सँडपेपर, अर्धगोल कानस, वर्तुळ कापायच्या दांडीसह राउटर किंवा निदान चांगली जिगसॉ, आणि धुळीसाठी एन-९५ मास्क लागेल. मास्क ऐच्छिक नाही.

ड्रायव्हर आधी हातात घ्या, मगच कापायला बसा. एक इंची ड्रायव्हर दोन प्रकारचे असतात: आट्याचे आणि बोल्टचे. लाकडी कर्ण्याला बोल्टचा सोयीचा. त्यात दोन एम-६ बोल्ट ७६ मिलिमीटर अंतरावर हा नमुना सर्वांत जास्त दिसतो, पण तीन बोल्टचेही मिळतात. ड्रायव्हरच्या तोंडावर कागद ठेवून पेन्सिलीने घासा. भोकांचा ठसा उमटतो, तोच तुमचा साचा.

चकत्या कापणं

थर १ ते ८ बाहेरून १५० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या, थर ९ ते १३ बाहेरून २८० च्या. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर बारीक भोक पाडा. राउटरची दांडी त्याच भोकातल्या खिळ्याभोवती फिरणार आहे. क्रम असा ठेवा: आधी त्या मध्यावरून मोजून दांड्याची दोन भोकं पाडा, मग बाहेरचं वर्तुळ कापा, आणि आतलं भोक सगळ्यात शेवटी. आतलं भोक आधी कापलं की मध्यबिंदू गेला, मग आतबाहेरची वर्तुळं एककेंद्री राहत नाहीत.

दांड्याची भोकं लहान चकत्यांना मध्यापासून ६२ मिलिमीटरवर, मोठ्यांना १२५ वर पाडा. ती समोरासमोर नकोत. एकमेकांपासून साधारण १५० अंशांवर ठेवा, म्हणजे घाईत एखादी चकती अर्धा फेरा फिरून बसणार नाही. पुढची बाजू मागे मात्र तरीही बसू शकते, म्हणून पुढच्या बाजूवर खूण करा. भोकांसाठी एक साचा करा आणि सगळ्या चकत्यांना तोच लावा. लहान चकत्यांवर ही भोकं ड्रायव्हरच्या बोल्टांच्या रेषेत येऊ देऊ नका.

आतलं भोक नेहमी मागच्या, म्हणजे लहान व्यासाचं कापा. पुढच्या बाजूवर मोठ्या व्यासाचं वर्तुळ पेन्सिलीने काढून ठेवा. पहिल्या थराला २५ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट (स्वच्छ, सपाट तळाचं भोक पाडणारा) मारा आणि उरलेला अर्धा मिलिमीटर सँडपेपरने मिळवा. होल-सॉ बहुतेक वेळा लिहिलेल्या मापापेक्षा मोठं भोक पाडतो, म्हणून तो घशाला वापरू नका.

राउटरने भोक कापताना शेवटच्या फेरीत मधली चकती सुटते, सरकते आणि बिट कडेला घास घेतो. त्यासाठी तुकडा खालच्या फाजील फळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवा, मधला भागसुद्धा. एका फेरीत ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

थर ९ ते १३ ना जिगसॉ तिरकी करून कापलं तर नंतरची घासाई निम्म्यावर येते. थर ९ चा उतार साधारण २५ अंश, थर १३ चा ४२ अंश. पण तिरकं पातं भरकटतं, म्हणून रेषेच्या आत २ मिलिमीटर लाकूड राखा.

टी-नट: इथे बहुतेक जण चुकतात

ड्रायव्हरचे बोल्ट ज्या टी-नटांत जाणार ते पहिल्या थराच्या पुढच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या थराला चिकटणाऱ्या बाजूला बसतात. एकदा गोंद लावला की तिथे हात पोचत नाही. म्हणून चिकटवण्याआधी टी-नट ठोका. त्यांची थाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील इतकी खाच आधी करा, आणि दुसऱ्या थरात बोल्टाच्या टोकासाठी ८ मिलिमीटरचं, १५ खोल भोक पाडा. ते भोक विसरलं तर बोल्ट आवळताना टोक दुसऱ्या थराला टेकतं, तो पुढे ढकलला जातो आणि घशातला सांधा उघडतो. चिकटवण्यापूर्वी ड्रायव्हर एकदा बसवून, आवळून, काढून पाहा.

चिकटवणं आणि घासणं

सगळे थर एकदम चिकटवू नका. तीन गट करा: १ ते ४, ५ ते ८, ९ ते १३. कारण १४४ मिलिमीटर खोल, तळाशी पंचवीस मिलिमीटर रुंद अशा नळीत हात आणि कानस पोचत नाही. ७२ मिलिमीटरच्या गटात दोन्ही बाजूंनी पोचतं.

गोंद पातळ, सलग, एका बाजूला लावा. आतल्या कडेपासून ३-४ मिलिमीटर जागा कोरडी ठेवा, दाबल्यावर गोंद तिथपर्यंत आपोआप येतो. ओला गोंद निसरडा असतो आणि क्लॅम्प आवळताना चकत्या सरकतात. त्यासाठी दांड्याचे तुकडे भोकांत घाला, पण त्यांना मेण चोळून, म्हणजे ते नंतर निघतील. क्लॅम्प समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. आत आलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा. चोवीस तास हात लावू नका.

आता घासाई. चिकटवलेल्या गटात आतून पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरीचा आतला कोपरा, म्हणजे दोन थरांमधली गोंदाची रेघ, नेमकी खऱ्या वक्रावर असते, आणि बाकीचं सगळं लाकूड जादा असतं. म्हणजे मापाची पट्टी लाकडातच आहे. पायरी उतरत उतरत त्या रेघेला भिडली की थांबायचं. रेघेच्या पलीकडे गेलात तर भोक मोठं झालं. आधी कानस, मग ६० नंबर, मग ८०, १२०, १८०. घशाच्या गटासाठी सँडपेपर गोल दांड्याला गुंडाळा आणि फिरवत फिरवत आत-बाहेर करा. एकाच दिशेने ओढलं तर खाचा पडतात.

प्लायचे पदर इथे मदतीला येतात. आत उजेड पाडून पाहिलं की पदरांची गडद-फिकी वर्तुळं दिसतात. ती सगळीकडे सारख्या रुंदीची असतील तर वक्र गोल आहे. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद होत असतील तर तुम्ही एकीकडे जास्त घासलं आहे. खात्रीसाठी तक्त्यातल्या आकड्यांवरून ६ मिलिमीटर एमडीएफचा अर्धा साचा कापा, त्याच्या कडेला खडू लावा आणि आत फिरवा. जिथे खडू लागतो तिथे उंचवटा आहे.

तिन्ही गट घासून झाले की ते जोडा. थर १ ते ८ मधून बिनमेणाचे दांडे आरपार घाला, थर ९ मध्ये दहाएक मिलिमीटर जातील इतके लांब; त्यासाठी थर ९ च्या मागच्या बाजूला मध्यापासून ६२ वरही तशीच दोन भोकं आधी पाडून ठेवा. शेवटच्या गटाला त्याचे स्वतःचे दांडे. या दोन सांध्यांवर जी बारीक पायरी राहील ती आता हाताने, बोटांनी चाचपत मिटवा. डोळ्यांपेक्षा बोटाला पायरी आधी कळते.

ओठ

तेराव्या थराशी भिंत अक्षाशी जवळजवळ ४४ अंशांवर असते. तिथेच कर्णा धारदार कडेने संपवला तर ध्वनी त्या कडेवरून परततो, आणि कर्ण्याला जो नाकातला, पोकळ आवाज चिकटलेला असतो त्यातला बराच यातून येतो. म्हणून १२ मिलिमीटरची कडी लावा: आतला व्यास २१५.३, बाहेरचा २८०. तिच्या पुढच्या बाजूवर २७२ चं वर्तुळ काढा आणि तिथपर्यंत गोलाई आणा, सुरुवात ४४ अंशांनी, शेवट जवळजवळ सपाट. वक्राची त्रिज्या साधारण ४० मिलिमीटर येते. राउटरचा ठरावीक गोलाईचा बिट इथे वापरू नका, कारण तो सरळ भिंतीपासून सुरू होतो आणि मधे मोड पडतो. कानसच बरी.

शेवटचा हात

वार्निशचे दोन-तीन पातळ थर, मधे २४० ने हलकी घासाई. घशात ब्रश टपटपवू नका. वाळलेला एक ओघळ सगळी मेहनत वाया घालवतो. फडक्याने पुसल्यासारखं लावा. बाहेरच्या बाजूच्या पायऱ्या ठेवायच्या की घासायच्या ही आवड आहे, आवाजाला फरक पडत नाही.

गळती तपासायला ड्रायव्हरच्या जागी पुठ्ठा दाबून बसवा, अंधारात कर्ण्यात टॉर्च सोडा आणि बाहेरून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर तिथे गोंद आणि भुसा भरा. गॅस्केटचं भोक २५.४ पेक्षा लहान कधीच नको. २६-२७ ठेवा, म्हणजे आवळल्यावर फुगूनही आत येत नाही. कंप्रेशन ड्रायव्हर एकेका किलोचे असतात, काही तीनपर्यंत जातात. त्यांच्या खाली लाकडी घोडी द्या, नाहीतर सगळं वजन दोन बोल्टांवर लोंबतं.

जोडणी

क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे कर्ण्याला वाटून देणारं जाळं, १५०० हर्ट्झवर ठेवा, १००० च्या खाली कधीही नको. सीमेजवळ आणि तिच्याखाली पडद्याला भार मिळत नाही, तो मोकळा फडफडतो आणि तुटतो. ८ ओमच्या दोन्ही ड्रायव्हरना दुसऱ्या श्रेणीच्या लिंकविट्झ-रायली जाळ्यासाठी (हा क्रॉसओव्हरचा एक प्रचलित प्रकार) ६.६ मायक्रोफॅरड आणि १.७ मिलिहेन्री लागतात: कर्ण्याला मालिकेत कपॅसिटर आणि समांतर कॉइल, वूफरला त्याच्या उलट. वूफरचा रोध वारंवारतेबरोबर चढतो. त्याला समांतर झोबेल (हा चढ सपाट करणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) जोडलं नाही तर हे आकडे वूफरच्या बाजूने नीट लागू पडत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी स्वर वाटणारा) असेल तरी कर्ण्याच्या तारेत ३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर चालू करतानाचा एक धक्का पडद्याला पुरतो.

कर्णा वूफरपेक्षा १० ते १५ डेसिबलने तेज असतो, म्हणून त्याला उतरवावं लागतं. १२ डेसिबल उतरवायला ६ ओम मालिकेत आणि त्यानंतर ड्रायव्हरला समांतर २.७ ओम, दोन्ही १० वॉटचे. भार ८ ओमच राहतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरची सरसरही तेवढीच खाली जाते. हे रेझिस्टर लाकडाला टेकवू नका, ते तापतात.

उरला वेळेचा प्रश्न. आपला कर्णा २३४ मिलिमीटर लांब आहे आणि १५०० हर्ट्झची लहर २२९ मिलिमीटरची. वूफरची कॉइल पेटीच्या तोंडापासून आठ-दहा सेंटिमीटर आत असते. कर्ण्याचं तोंड पेटीच्या तोंडाशी सपाट ठेवलं तर दोन्हींच्या उगमांत चौदा-पंधरा सेंटिमीटरचा फरक राहतो. ही अर्ध्या लहरीपेक्षा जास्त चूक झाली, आणि क्रॉसओव्हरपाशी आवाजात खड्डा पडतो. म्हणून कर्णा पेटीत बंद करू नका, वर मोकळा ठेवा आणि पुढे सरकवा. दोन्ही ड्रायव्हर आधी एकाच ध्रुवतेने जोडा, १५०० हर्ट्झचा सूर हळू लावा, ऐकायच्या उंचीवर मीटरभर अंतरावर माइक ठेवा. कर्णा पुढे-मागे करत आवाज सर्वांत कमी होईल ती जागा शोधा, खूण करा, आणि मग कर्ण्याच्या तारा उलट करा. आता तिथेच आवाज भरून येतो. ड्रायव्हरचा स्वतःचा उतार यात मिसळतो, त्यामुळे शेवटचा शब्द मोजमापाचा: मोजायच्या माइकने समोरून, १५ अंशांवरून आणि ३० अंशांवरून रेघ काढा, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज याचा आलेख. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर याला पुरेसं आहे.

मोजताना कान कर्ण्याच्या रेषेत ठेवू नका. एका वॉटला मीटरवर १०५ डेसिबल ही पातळी कानाला थोड्या वेळातही इजा करते.

मोजणीत वरचे स्वर समोर भरपूर आणि बाजूला पटकन कमी दिसतील. तो दोष तुमच्या कामाचा नाही, घातांकी गोल कर्णा वर जाताना अरुंद होतच जातो. दोन्ही कर्णे बसायच्या जागेकडे वळवा, जवळजवळ थेट रोखून. २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये रेघ दात्यांसारखी वरखाली होत असेल तर मात्र घसा पुन्हा उघडून पाहा: गॅस्केट आत आलंय का, पहिल्या आणि दुसऱ्या थरातली पायरी राहिलीय का. एखाद्याच सुरावर करकर येत असेल तर बहुधा टी-नट सैल असतो.

प्लाय दाबाखाली थोडं बसतं. महिनाभर वाजवल्यावर ड्रायव्हरचे बोल्ट पाव फेरा आवळा, आणि पुन्हा तीन महिन्यांनी एकदा.